शाळेच्या नव्या बागेची अवजारे : निवड, खरेदी आणि निगा

शाळेच्या आवारात बाग असावी, हा विचार आपल्या प्राथमिक शिक्षणास नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जे मूलोद्योग सुचविले, त्यांत सूतकताई व सुतारकाम यांच्या जोडीला शेती आणि फळाभाज्यांचे बागकामही होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. ते कार्य पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वाढले. परिसरात जे सहज व स्वस्त मिळते, त्यातूनच शिक्षणाची साधने उभी करावीत, हा त्या केंद्राचा धडा सर्वश्रुत आहे. बोर्डी व कोसबाड ही गावे त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. अलीकडे, २०१९ मध्ये, केंद्र शासनाच्या शिक्षण खात्याने शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेत पिकलेली भाजी मुलांच्या मध्यान्ह भोजनात यावी, हा त्यांचा एक प्रमुख हेतू आहे.

तथापि बाग सुरू करणे सोपे आणि टिकविणे अवघड, असा सर्वत्र अनुभव आहे. पावसाळ्याच्या आरंभी हौसेने खणलेले वाफे दिवाळीच्या सुमारास तणाने भरून जातात आणि फलक तेवढा उभा राहतो. पाण्याची टंचाई, मोकाट गुरे, दीर्घ सुट्या ही त्याची कारणे नेहमी सांगितली जातात व ती खरीही आहेत. परंतु आणखी एक कारण आहे, ज्याचा उच्चार क्वचितच होतो. ते म्हणजे अवजारे. पातळ पत्र्याचे रंगीत खुरपे पहिल्याच ढेकळात वाकते. मोठ्या माणसासाठी घडविलेले जड फावडे दहा वर्षांच्या मुलाच्या हाती दिले जाते. कुदळीचा दांडा नेढ्यात डुगडुगतो. मुलाच्या तळहातास फोड येतात, काम मात्र होत नाही. अशा वेळी मूल मनाशी जो निष्कर्ष काढते, तो अवजाराविषयीचा नसतो, श्रमाविषयीचा असतो. मातीतले काम म्हणजे शिक्षा, अशी समजूत एकदा रुजली की ती पुढे पुसणे कठीण जाते. म्हणून अवजारांची निवड ही केवळ खरेदीची बाब समजू नये. तो शिक्षणाचाच एक भाग आहे.

मीरा-भाईंदरचे उदाहरण

या विषयाचा विचार करण्यास मीरा-भाईंदरचा परिसर विशेष उपयोगी आहे. साष्टीच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीच्या दक्षिण काठी वसलेली ही गावे एके काळी भातशेती, भाजीपाला, मासेमारी आणि मिठागरे यांवर जगत होती. भाईंदर, नवघर, गोडदेव, खारी, मीरा, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन, काशी, चेणे, वरसावे, घोडबंदर ही नावे आजही त्या जुन्या वस्तीची साक्ष देतात. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. रेल्वेच्या दोन्ही बाजूंस इमारती उठल्या व शेते आक्रसली. शेताबरोबर लोहाराची भट्टीही गावातून हळूहळू नाहीशी होत जाते आणि तिच्या जागी प्लॅस्टिकच्या वेष्टनातील चकचकीत अवजारे विकणारे दुकान येते. जिल्ह्यातील अनेक गावे आज याच वाटेवर आहेत. म्हणून खेड्यातील शिक्षकांनीही या परिसराकडे पाहून काही गोष्टी वेळीच ओळखणे हिताचे आहे.

दुसरे असे की, या लहानशा टापूत मातीचे तीन-चार प्रकार एकत्र आढळतात. त्यामुळे कोणत्या मातीस कोणते अवजार लागते, हे येथे उत्तम रीतीने समजते.

आधी माती, मग अवजार

अवजारांची यादी कोणा दुसऱ्या शाळेकडून जशीच्या तशी उतरून घेऊ नये. प्रथम आपल्या आवारात तीन ठिकाणी वीतभर खोल खणून पाहावे.

उत्तनच्या किनाऱ्यालगत वाळूमिश्रित माती आहे. ती खणण्यास हलकी असते, पण पाणी धरीत नाही. तेथे जड कुदळीचे काम थोडे आणि झारीचे व शेणखत वाहण्याच्या घमेल्याचे काम अधिक. राई, मुर्धे, मोर्वे या बाजूस खाडीलगतची चिकण व खारट माती आहे. ती ओली असता अवजारास चिकटते आणि वाळली असता दगडासारखी होते. अशा मातीत रुंद पात्याचे फावडे आत शिरत नाही. तेथे अरुंद पात्याची मजबूत कुदळ व वाफे उंच करण्यासाठी एखादे फावडे पुरते. जमीन फारच खारट असल्यास बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे किंवा पोती भरून त्यांत भाजी लावणे श्रेयस्कर होय. पूर्वेस काशी, चेणे, वरसावे या डोंगरपायथ्याच्या बाजूला तांबडी, मुरमाड, दगडगोट्यांची माती लागते. तेथे पहारीशिवाय पहिली खणणी होत नाही आणि दगडावर आदळून कुदळीची धार लवकर बोथट होते.

चौथा प्रकार शहरातील शाळांचा. तेथे आवारास फरशी असते आणि बाग पिंपांत, क्रेटांत व कुंड्यांत करावी लागते. अशा शाळेने कुदळ-फावड्यावर एक पैसाही खर्च करू नये. चार-सहा चांगली खुरपी, दोन झाऱ्या व एक घमेले एवढ्यावर तिचे काम भागते.

मातीचा विचार न करता घेतलेले अवजार कितीही भारी असले तरी अडगळच होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे शेतकरी तो घेण्यास प्रथम धजावले नाहीत. नांगर शेतात चालून त्याचे काम दिसले, तेव्हा ही शंका फिटली. अवजाराची परीक्षा दुकानाच्या फळीवर होत नाही, जमिनीतच होते, हे शिक्षकांनीही ध्यानात ठेवावे. शक्य असल्यास प्रत्येक प्रकारचे एकच अवजार आधी आणावे, आठवडाभर वापरावे आणि मगच उरलेली मागवावीत.

थोडी, पण पुरेशी

नव्या बागेसाठी अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर जागा पुष्कळ झाली. वाफा एक मीटरहून रुंद करू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी मुलांचे हात मध्यापर्यंत पोहोचतात व वाफ्यात पाय पडत नाही. तीस मुलांचा वर्ग असल्यास एका वेळी पंधरा मुले बागेत असावीत व उरलेल्यांनी वर्गात बागेची नोंदवही, मोजमाप व चित्रे यांचे काम करावे. पंधरा मुलांस पुढील संच पुरतो :

खुरपी आठ, झाऱ्या दोन, घमेली दोन, म्हणजे जोडीजोडीने चार मुले ती वाहतील, दाताळे एक. येथवर पंधरा मुलांची वाटणी झाली. याशिवाय वाफे तयार करण्यासाठी हलक्या कुदळी दोन आणि फावडे एक. शिक्षकांच्या ताब्यात कोयता एक आणि जमीन कठीण असल्यास पहार एक. सरळ ओळी आखण्यासाठी दोन खुंट्या आणि त्यांना बांधलेली दोरी हवी. ती फुकट होते, पण तिच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

तीस मुले म्हणून तीस खुरपी घेणे हा खरेदीतील नेहमीचा दोष आहे. त्याने प्रत्येक नग हलक्या प्रतीचा येतो आणि एकाचीही निगा राखली जात नाही. आठच असली तरी ती चांगली असावीत. पाळीने वापरलेल्या वस्तूची मुले अधिक काळजी घेतात.

काही वस्तू विकत घेण्याचे कारणच नसते. तेलाच्या रिकाम्या डब्याच्या तळाशी बारीक छिद्रे पाडली की रोपांसाठी झारी तयार होते. मात्र पत्र्याच्या कडा ठोकून दुमडून घ्याव्यात. बी टोकण्यासाठी बोटभर जाडीची, टोकदार केलेली काठी पुरते. कोळीवाड्यातून मिळणारी जुनी जाळी वेलींच्या मांडवासाठी व शेळ्या-कोंबड्यांना अडविण्यासाठी उत्तम उपयोगी पडतात.

लोखंडाची पारख

बाहेरून सारखीच दिसणारी दोन खुरपी हाती घेतली असता एक वर्षभरात वाकते व दुसरे सहा-सात वर्षे चालते. हा फरक लोखंडात मिसळलेल्या कार्बनामुळे पडतो. साध्या मऊ पोलादात कार्बन फार थोडा असतो, शेकडा पाव भागाहूनही कमी. त्यास कितीही तापवून पाण्यात बुडविले तरी ते फारसे कठीण होत नाही. याउलट मोटारीच्या कमानीच्या पाट्यात कार्बन साधारणपणे शेकडा अर्ध्या भागाहून अधिक असतो. ते पोलाद लालबुंद तापवून थंड केले की कठीण होते; पण तेवढ्यावर सोडल्यास काचेसारखे ठिसूळ राहते. म्हणून कुशल लोहार ते पुन्हा मंद आचेवर धरतो आणि घासून उजळलेल्या पात्यावर पिवळसर-तपकिरी छटा येताच थांबतो. यालाच हत्यारास पाणी देणे म्हणतात. गावोगावचे लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून कोयते व खुरपी घडवितात, त्यामागे हेच शास्त्र आहे.

भाईंदर येथे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे पुष्कळ कारखाने आहेत. तेथील पत्र्याचे तुकडे स्वस्त मिळतात म्हणून त्यांची खुरपी करून घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ते गंजणार नाहीत हे खरे. परंतु भांड्यांचे हे स्टील पाणी देऊन कठीण होत नाही, त्यामुळे त्यावर धार टिकत नाही. झारीचे नळकांडे किंवा मापाचे भांडे करण्यास ते चांगले, माती खणण्यास नव्हे.

दुकानात अवजार हाती घेतल्यावर पुढील परीक्षा कराव्यात :

पहिली, आवाजाची. पाते दोऱ्यास टांगून त्यावर दुसऱ्या लोखंडाने हलकेच ठोकावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आल्यास चीर असण्याचा संभव असतो.

दुसरी, कानशीची. दुकानदाराच्या अनुमतीने धारेच्या एका कोपऱ्यावर बारीक कानस ओढावी. ती लोण्यात शिरावी तशी शिरली तर पाते मऊ आहे. मुळीच न लागता घसरली तर ते फार कठीण व ठिसूळ आहे. जोर केल्यावर थोडी लागली तर पाणी योग्य बसले आहे.

तिसरी, लवचिकपणाची. खुरप्याचे टोक लाकडी फळीवर टेकवून बेताने दाबावे. पाते किंचित लवून पुन्हा सरळ झाले पाहिजे.

चौथी, जोडाची. कुदळ व फावडे यांचे नेढे पात्यातूनच ठोकून काढलेले असल्यास उत्तम. पात्यास वेगळी नळी वेल्डिंगने जोडलेली असेल तर जोड सर्व बाजूंनी भरला आहे की नाही, हे पाहावे. रंगाचा जाड थर असलेला जोड विशेष काळजीने तपासावा, कारण दोष झाकण्यासाठीच पुष्कळदा तो दिलेला असतो.

कारखान्यात तयार झालेल्या फावड्यांसाठी व पहारींसाठी भारतीय मानके ठरलेली आहेत. ती ठरविणारी भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. मोठे अवजार घेताना त्यावर मानकचिन्ह व क्रमांक आहे का, हे पाहण्याची सवय ठेवावी. खुरपे, विळा यांसारख्या लोहाराकडील वस्तूंवर असे चिन्ह नसते. तेथे वरील परीक्षा आणि लोहाराचा लौकिक हीच खूण समजावी.

दांडा आणि मूठ

पाते उत्तम असूनही दांडा वाईट असेल तर अवजार निकामी होते. दांड्यासाठी बाभळीचे लाकूड चिवट असते. दाताळ्यास भरीव बांबू चालतो. लाकडाचे रेषे दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. रेषे तिरके असतील किंवा मध्ये गाठ असेल, तर दांडा तेथेच मोडतो. ओल्या लाकडाचा दांडा पुढे सुकतो, आकसतो व पाते सैल होते. म्हणून दांडा वाळलेला आहे याची खात्री करून घ्यावी. त्यावर रंग वा वार्निश असल्यास लाकूड दिसत नाही. कोरा दांडाच मागावा.

खुरप्याच्या मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे आवळलेले असावे, नाहीतर मूठ तेथून फाटते. मूठ मुलाच्या हाताने धरून पाहावी. बोटे तिच्याभोवती सहज फिरून अंगठ्यास मिळाली तर माप योग्य आहे. मोठ्या माणसाच्या हातास साजणारी जाड मूठ मुलास घट्ट आवळावी लागते आणि त्यानेच मनगट दुखते व फोड येतात. मुलांसाठी घ्यावयाच्या कुदळीचा दांडा जमिनीपासून त्यांच्या कमरेपर्यंत यावा. वजनाची परीक्षा सोपी आहे. मुलाने ती कुदळ दहा वेळा गुडघ्यापासून खांद्यापर्यंत उचलावी. शेवटच्या खेपेसही मनगट सरळ राहिले तर वजन योग्य समजावे. यासाठी खरेदीला जाताना सहावी-सातवीतील दोन मुले व दोन मुली बरोबर नेल्यास उत्तम. ज्यांनी वापरावयाचे, त्यांनीच निवडावे, हे न्यायाचेही आहे.

कोठून मिळवावीत

पहिले ठिकाण म्हणजे गावातील घरे. जेथे शेते विकली गेली किंवा पडीक राहिली, तेथे कुदळी, खुरपी व विळे माळ्यावर गंजत पडलेले असतात. जुने पाते बहुधा चांगल्या लोखंडाचे असते. वरवरचा गंज घासून काढला, धार लावली व नवा दांडा बसविला की ते नव्याहून सरस ठरते. पालकसभेत तशी विनंती करावी. मात्र गंजाने खड्डे पडलेले, चिरलेले किंवा नेढे फाटलेले अवजार नम्रपणे परत करावे. अशा भेटीचा आणखी एक लाभ आहे. ज्या आजोबांची कुदळ शाळेत आली, ते स्वतःही एखाद्या सकाळी ती कशी धरावी हे दाखविण्यास येतात. मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणी देशावरून, कोकणातून व परप्रांतांतून आलेली कुटुंबे आहेत. त्यांतील कित्येक पालकांनी शेती केलेली असते, पण शाळेने ते ज्ञान कधी मागितलेले नसते.

दुसरे ठिकाण लोहार. गावात भट्टी चालू असेल तर खुरपी तेथूनच करवून घ्यावीत. मुलांच्या हाताच्या मापाची मूठ आणि मातीस अनुरूप पाते दुकानात मिळत नाही. लोहार ते करून देतो. गावात लोहार नसल्यास रस्त्याच्या कडेस पाल ठोकून राहणारे घिसाडी कारागीर येण्याची वाट पाहावी. भाता, ऐरण, घण व सांडस एवढ्या सामग्रीवर ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या उत्तम हत्यारे घडवीत आली आहेत. त्यांच्याकडे घासाघीस करून चार पैसे वाचविण्यापेक्षा सांगितलेला रास्त भाव देऊन पाटा कोणता, पाणी नीट दिले की नाही, याची चौकशी करावी. मुलांना भट्टी दुरून दाखवावी. विज्ञानाच्या पुस्तकातील उष्णतेचा पाठ तेथे डोळ्यांसमोर घडतो. या कारागिरांची मुलेही शाळेत येण्याच्या वयाची असतात, ही गोष्ट शिक्षकांच्या नजरेतून सुटू नये.

तिसरे ठिकाण बाजार. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. ती गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि शेतीची अवजारेही तेथे येतात. पुढील हंगामाची खरेदी तेथे एकत्रितपणे करता येते. फावडे, पहार, घमेली, झाऱ्या या कारखानी वस्तूंसाठी लोखंडी सामानाच्या घाऊक बाजारात जावे. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट हा असा जुना बाजार आहे. एका शाळेस तेवढे जाणे परवडत नाही, परंतु केंद्रातील आठ-दहा शाळांनी मिळून मागणी केली तर भाव उतरतो व प्रवासखर्चही वाटून जातो. घरपोच माल पाठविणाऱ्या विक्रेत्यांकडून मागवावयाचे असेल, तर आधी एकच नग मागवून पाहावा. छायाचित्रावरून वजन व पाणी कळत नाही.

स्वस्त कशास म्हणावे

अवजाराची किंमत त्याच्या आयुष्याने भागल्याखेरीज ते स्वस्त की महाग, हे ठरत नाही. केवळ समजण्यासाठी पुढील आकडे घ्यावेत. समजा, एक खुरपे ६० रुपयांस मिळाले व एका वर्षात वाकून निकामी झाले. दुसरे १५० रुपयांस पडले, पण दर वर्षी १० रुपये धारेसाठी खर्चून ते सहा वर्षे चालले. सहा वर्षांत पहिल्या प्रकारावर ३६० रुपये खर्च होतात, तर दुसऱ्यावर २१० रुपये. शिवाय पहिल्या प्रकारात दर वर्षी मुलांचे हात दुखतात, त्याचा हिशेब वेगळाच. हे उदाहरण वर्गात घालावे. सातवीची मुले ते सहज सोडवितात आणि पुढे घरच्या खरेदीतही त्याचा उपयोग करतात.

पैसे थोडे असल्यास क्रम ठरवून घ्यावा. पहिल्या वर्षी खुरपी व झाऱ्या घ्याव्यात. कुदळ, फावडे व पहार ही वर्षातून मोजके दिवस लागतात, ती पालकांकडून उसनी आणावीत. दुसऱ्या वर्षी कुदळी व घमेली घ्यावीत. एकाच वेळी सर्व संच हलक्या प्रतीचा घेण्यापेक्षा दोन वर्षांत चांगला संच पूर्ण करणे शहाणपणाचे आहे.

खरेदीचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत व्हावा. कोणत्या अनुदानातून किती खर्च करता येतो व दरपत्रके केव्हा लागतात, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून आधी समजून घ्यावे. लोहाराकडे छापील पावती नसते. अशा वेळी हातपावतीची कोणती पद्धत मान्य आहे, हेही विचारून ठेवावे. टिकाऊ अवजारांची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत करावी आणि प्रत्येक दांड्यावर शाळेची खूण व क्रमांक डागून घ्यावा. भेट मिळालेल्या अवजारापुढे देणाऱ्याचे नाव लिहिण्यास विसरू नये.

मुलांच्या हाती देताना

पहिली ते पाचवीच्या मुलांनी खुरपे, लहान झारी व हलके घमेले एवढेच वापरावे. हलकी कुदळ व दाताळे सहावीपासून पुढच्या मुलांनी, तेही शिक्षक समोर असताना. कोयता व पहार मुलांच्या हाती देऊ नये. कुदळ चालविणाऱ्या मुलाभोवती, हात पसरून कुदळीच्या टोकापर्यंत जेवढे अंतर होईल त्याच्या दुप्पट जागा मोकळी असावी. जमिनीवर चुन्याने वर्तुळ आखल्यास मुलांच्या ते चटकन ध्यानात येते. अवजार नेताना पाते खाली व धार अंगापासून दूर ठेवावी. दाताळे टेकवून ठेवताना त्याचे दात जमिनीकडे असावेत. बहुतेक विळे उजव्या हाताच्या सोयीने धार लावलेले असतात, म्हणून डावखुऱ्या मुलास विळ्याऐवजी दोन्ही बाजूंनी सारखे असलेले खुरपे द्यावे व त्याचा हात बदलविण्याचा आग्रह धरू नये. अनवाणी काम होऊ देऊ नये. मातीत झालेली जखम लहान दिसली तरी साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन आरोग्य केंद्रात दाखवावी. दहाव्या वर्षी द्यावयाची धनुर्वात-घटसर्पाची लस प्रत्येक मुलास मिळाली आहे की नाही, याची नोंद शाळेत असावी.

निगा

समुद्राच्या व खाडीच्या जवळ लोखंड लवकर गंजते, कारण हवेतील व मातीतील मीठ ओलावा धरून ठेवते व गंजण्याची क्रिया जलद करते. उत्तन किंवा राई येथील शाळेने निगेकडे अधिक लक्ष द्यावे ते यासाठी. तास संपण्यापूर्वीची पाच मिनिटे अवजारांची, असा नियम ठेवावा. माती काठीने खरवडावी, पाते गोड्या पाण्याने धुवावे, फडक्याने कोरडे पुसावे व वापरलेल्या तेलाचा बोळा त्यावर फिरवावा. एका बादलीत वाळू भरून तीत थोडे तेल मुरवून ठेवल्यास खुरपी तीत खुपसून ठेवता येतात, म्हणजे घासणे व तेल लागणे एकदमच होते. मात्र ही वाळू समुद्रकिनाऱ्यावरची घेऊ नये. घ्यावीच लागली तर गोड्या पाण्याने अनेक वेळा धुऊन, वाळवून मगच घ्यावी. नाहीतर तिच्यातील मीठच पात्यास खाऊन टाकते.

धार कानशीने लावावी. विजेच्या सहाणेवर धार लावताना पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले, असे समजावे. सहाणेवर लावणे भागच असेल तर पाते वरचेवर पाण्यात बुडवीत राहावे. दांड्यांना वर्षातून दोनदा जवसाचे तेल चोळावे. दांडा डुगडुगू लागला तर तो पाण्यात भिजवून काम भागविण्याची रीत आहे, पण तो उपाय एका दिवसाचा; नेढ्यात लाकडी पाचर ठोकणे हाच खरा इलाज. मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी सर्व अवजारे तपासून, तेल लावून, जमिनीपासून उंच, भिंतीवरील खुंट्यांना टांगावीत. भिंतीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगविलेली असली की कोणते परत आले नाही, ते पहिलीतील मूलही सांगते.

ही निगा आठवड्याच्या पाळीने मुलामुलींकडे सारखी सोपवावी. मुलांनी खणावे व मुलींनी झाडावे-पुसावे, अशी विभागणी शाळेत तरी होऊ नये.

उपसंहार

सारांश, नव्या बागेस पुष्कळ अवजारे लागत नाहीत. चांगली व मापाची लागतात. माती पाहून यादी करावी, लोखंड पारखून घ्यावे, मूठ मुलाच्या हातास लावून पाहावी, जुने ते दुरुस्त करावे, लोहाराकडून घडवून घ्यावे आणि जे घेतले ते रोज पुसून ठेवावे. असा संच असलेल्या शाळेत बाग पावसाळ्यापुरती राहत नाही. हिवाळ्यात मेथी, मुळा व माठ पोषण आहाराच्या पातेल्यात जातात आणि शाळा सोडणारी मुले आपल्या पाळीचे खुरपे धार लावून पुढच्या वर्गाच्या हाती देतात. ज्या गावांतून शेते झपाट्याने नाहीशी होत आहेत, तेथे मातीची, लोखंडाची आणि श्रमाची ओळख मुलांना करून देणारे ठिकाण पुढे कदाचित शाळा हेच एक उरेल. ती ओळख गोड व्हावी, याची काळजी पहिल्या खुरप्याच्या निवडीपासूनच घेतली पाहिजे.